स्कॉटलंड, रेल्वेने आणि बोटीने : ग्लासगो – मॅलेग – स्काय – इन्व्हर्नेस, स्वतःच्या नियोजनाने

रूळवेडा | ८ फेब्रुवारी, रात्री ९:१४

स्कॉटलंडच्या हायलँड्सबद्दल इथे वेगवेगळ्या धाग्यांवर तुकड्यातुकड्याने विचारणा होते. गाइड नाही, गाडी चालवायची नाही, घाई नाही, अशा रेल्वेप्रवासापुरतं सगळं या एका धाग्यावर आणू या. माहीतगारांनी भर घालावी, चुका दाखवाव्यात.

आराम म्हणजे वरचा वर्ग, हे आपल्याकडचं गणित तिथे लागू पडत नाही. वेस्ट हायलँड (ग्लासगो–फोर्ट विल्यम–मॅलेग) आणि काइल (काइल ऑफ लोखॅल्श–इन्व्हर्नेस) या दोन्ही मार्गांवर फर्स्ट क्लास नाहीच. दोन किंवा चार डब्यांची डिझेल गाडी असते आणि सगळ्यांना एकच वर्ग. तिथला आराम दोनच गोष्टींवर ठरतो. मुक्काम किती कमी ठिकाणी टाकलेत, आणि एका गाडीतून उतरून पुढची गाडी किंवा बोट धरेपर्यंत किती सवड ठेवलीत. ग्लासगोहून फोर्ट विल्यमकडे दिवसाला मोजून तीन-चार गाड्या, रविवारी त्याहून कमी. एक चुकली की अर्धा दिवस फलाटावर जातो. सात दिवसांत सहा हॉटेलं बदलणारा कार्यक्रम कागदावर भरगच्च दिसतो, पण तिसऱ्या दिवसापासून नुसतं बॅगा उघडणं आणि बांधणं सुरू होतं.

दहा रात्रींचा माझा आराखडा असा : ग्लासगो २, फोर्ट विल्यम २, स्काय बेटावर पोर्ट्री ३, इन्व्हर्नेस २, एडिनबरा १.

तिसऱ्या दिवशी ग्लासगो क्वीन स्ट्रीटहून सकाळची गाडी (सव्वाआठ-साडेआठच्या सुमारास सुटते) घ्यायची. फोर्ट विल्यमला पावणेचार तासांत पोचते. पाचव्या दिवशी फोर्ट विल्यम ते मॅलेग, साधारण एक तास पंचवीस मिनिटं. मॅलेगचं स्थानक आणि बोटीचा धक्का यांत पाच मिनिटांची चाल आहे. तिथून आर्माडेलला बोट, पाऊण तासाच्या आत पलीकडे. आर्माडेल ते पोर्ट्री सत्तरेक किलोमीटर, बसने, बहुधा ब्रॉडफर्डला बदलून. आठव्या दिवशी पोर्ट्रीहून बसने काइल ऑफ लोखॅल्श (तासभर) आणि तिथून रेल्वेने इन्व्हर्नेस, दोन तास चाळीस मिनिटं. दहाव्या दिवशी इन्व्हर्नेस ते एडिनबरा, साडेतीन तास.

उलट दिशेनेही जमतं. पण ग्लासगोकडून सुरुवात केली की शहर, मग सरोवरं, मग माळ आणि शेवटी समुद्र असा चढता क्रम लागतो, म्हणून मी हीच दिशा सुचवेन.

अबोली_क | ८ फेब्रुवारी, रात्री ९:५०

खिडकी कोणत्या बाजूची घ्यायची? जो तो "डावीकडे बसा" एवढंच सांगतो.

रूळवेडा | ८ फेब्रुवारी, रात्री १०:२२

ते अर्धंच खरं आहे. मार्गाच्या क्रमाने सांगतो.

ग्लासगो सोडलं की डंबार्टनच्या पुढे क्लाइड नदीचं रुंद होत जाणारं मुख डावीकडे. मग गाडी चढायला लागते आणि गेअर लॉख, लॉख लाँग (लॉख म्हणजे सरोवर किंवा खाडी) हे समुद्राचे आत घुसलेले फाटे डावीकडेच, खाली दिसतात. आरोखर अँड टार्बेट स्थानकानंतर मात्र लॉख लोमंड उजवीकडे येतं आणि आर्डलुईपर्यंत उजवीकडेच राहतं. टिंड्रम सोडल्यावर घोड्याच्या नालासारखं वळण आहे. एका डोंगराच्या कडेने आत जायचं, दोन पूल ओलांडायचे आणि समोरच्या बेन डोरनच्या पायथ्याने बाहेर यायचं. इथे वळणाची आतली बाजू डावी, त्यामुळे पुढचे पूल आधीच दिसतात. रॅनोखचा माळ दोन्ही बाजूंना आहे. कोरावरनंतर लॉख ट्रेग डावीकडे खोल दरीत.

आता खरी गोम. फोर्ट विल्यम हे टोकाचं स्थानक आहे. मॅलेगला जाणारी गाडी तिथून उलट्या दिशेने बाहेर पडते. ग्लासगोहून डावी खिडकी धरून तसेच मॅलेगपर्यंत बसून राहिलात तर फोर्ट विल्यमनंतर तुम्ही उजव्या बाजूला असता आणि लॉख आयल, ग्लेनफिननचं वळण, आरिसेगजवळचा समुद्र हे सगळं पलीकडच्या खिडकीत जातं. म्हणून दोन टप्पे वेगळे समजा. फोर्ट विल्यमहून निघताना गाडीच्या चालीच्या दिशेने डावीकडची जागा नव्याने घ्या. मधे मुक्काम असेल तर हा प्रश्न आपोआप सुटतो.

काइलहून इन्व्हर्नेसला जाताना पहिला पाऊण तास लॉख कॅरनचं पाणी डावीकडे असतं. इन्व्हर्नेसहून येत असाल तर उजवीकडे.

आणि काचेतून फोटो काढायचे असतील तर गडद रंगाचा शर्ट घाला. पांढऱ्या कपड्याचं प्रतिबिंब काचेवर पडतं आणि प्रत्येक फोटोत ढगासारखा डाग येतो.

दगडी_पूल | ९ फेब्रुवारी, सकाळी ७:०५

ग्लेनफिननच्या पुलाबद्दल थोडं. २१ कमानी, ३८० मीटर लांबी, सुमारे ३० मीटर उंची. बांधकाम दगडी नाही, काँक्रीटचं आहे, आणि त्यात लोखंडी सळई नाही. हा फाटा १९०१ साली सुरू झाला. कंत्राटदार रॉबर्ट मॅकअल्पाइन, ज्याला काँक्रीटच्या प्रेमापायी लोक "काँक्रीट बॉब" म्हणत. पश्चिमेकडे जाताना पूल डावीकडे वळतो, म्हणून डावी बाजू आणि शक्यतो मागचा डबा. तेव्हाच आपल्याच गाडीचं तोंड वळणावर दिसतं. फोर्ट विल्यम सोडल्यावर अर्ध्या तासाने पूल येतो आणि लगेच ग्लेनफिनन स्थानक, त्यामुळे गाडीचा वेग आधीच कमी झालेला असतो. कॅमेरा बॅगेतून तेव्हा शोधायला घेतला तर उशीर झालेला असतो.

पूल खालून बघायचा असेल तर स्थानकावर उतरून पायवाटेने जाता येतं. स्थानकात छोटं संग्रहालय आहे. फक्त परतीची गाडी आधी बघून ठेवा, दोन गाड्यांमधलं अंतर मोठं असतं.

सिंधुसागर | ९ फेब्रुवारी, सकाळी ८:४०

रॅनोखच्या माळाबद्दल कुणीतरी लिहा ना. तिथे रूळ दलदलीवर तरंगतात म्हणतात, ते खरं का?

दगडी_पूल | ९ फेब्रुवारी, दुपारी १:१८

खरं आहे. मार्ग १८९४ साली फोर्ट विल्यमपर्यंत सुरू झाला. रॅनोखचा माळ म्हणजे पीट, कुजलेल्या वनस्पतींचा पाणी धरून ठेवणारा जाड थर. त्यावर भराव टाकला की तो गिळला जायचा. शेवटी झाडांची मुळं, काटक्या-फांद्या यांचे जाड गादीसारखे थर अंथरले, त्यावर हजारो टन माती आणि राख टाकली, आणि त्यावर रूळ बसवले. काम पैशाअभावी थांबायची वेळ आली तेव्हा रेंटन नावाच्या संचालकाने स्वतःचा पैसा ओतला. मजुरांनी त्याचा चेहरा एका मोठ्या दगडात कोरला, तो दगड आजही रॅनोख स्थानकाच्या फलाटावर आहे. गाडी तिथे थोडाच वेळ थांबते, दारापाशी उभे राहा.

रॅनोखच्या पुढे रुळांवर एक छप्पर लागतं, कापलेल्या खडकाच्या खाचेत बर्फ साठू नये म्हणून. मग कोरावर. समुद्रसपाटीपासून ४०८ मीटर, ब्रिटनच्या मुख्य रेल्वेजाळ्यातलं सगळ्यात उंच स्थानक. तिथे सार्वजनिक रस्ता पोचतच नाही. फोर्ट विल्यमच्या दोन रात्रींमधला दिवस कोरावरला द्यावा असं मी आग्रहाने सांगेन. पाऊण-एक तासात पोचता. स्थानकापासून लॉख ऑसिअनचा काठ दीड-एक किलोमीटर, सपाट कच्ची वाट, सत्तरीतल्या माणसालाही जमेल. उतरण्याआधी परतीच्या गाडीची वेळ कागदावर लिहून घ्या, फोनवर विसंबू नका. माळावर नेटवर्क नसतं आणि टॅक्सी यायला रस्ताच नाही.

घाटमाथा | ९ फेब्रुवारी, दुपारी ४:३१

वेळापत्रकाबद्दल एक कारण समजून घेतलं की मनस्ताप कमी होतो. हा सगळा मार्ग एकेरी आहे. काही स्थानकांत दोन गाड्या एकमेकींना ओलांडतात. समोरची गाडी तिथे पोचल्याशिवाय आपली हलत नाही. कोकण रेल्वेवर क्रॉसिंगला थांबलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. पुढच्या टप्प्यात शिरण्याचं टोकन ड्रायव्हरला रेडिओवरून मिळतं, फोर्ट विल्यमजवळच्या बॅनव्ही इथल्या नियंत्रण केंद्रातून. त्यामुळे एका गाडीला वीस मिनिटं उशीर झाला की तो समोरून येणाऱ्या गाडीलाही चिकटतो.

म्हणून वेळापत्रकात "गाडी आली, बोट वीस मिनिटांनी" असं दिसलं तरी त्या बोटीवर भिस्त ठेवू नका. मॅलेगला त्याच्या पुढची बोट धरायची, मधल्या वेळात बंदरावर जेवायचं. बोट सुटायच्या निदान अर्धा तास आधी धक्क्यावर हजर.

आणखी दोन सापळे. ग्लासगोहून निघणारी गाडी क्रिअनलारिखला दुभंगते. काही डबे ओबनला जातात, काही फोर्ट विल्यम-मॅलेगला. चढताना डब्याच्या दारापाशी लिहिलेलं ठिकाण वाचा, फलाटावरची घोषणा ऐका. दुसरं, लहान स्थानकांवर गाडी मागितल्याशिवाय थांबत नाही. उतरायचं असेल तर कंडक्टरला आधीच सांगायचं, चढायचं असेल तर फलाटावर ड्रायव्हरला दिसेल असं उभं राहून हात करायचा. लॉखायलॉर्ट, बीझडेल, काइल मार्गावरचं डिरिनिश, डंक्रेग ही तशी स्थानकं. बाकावर बसून राहिलात तर गाडी समोरून निघून जाईल.

मीनल_टी | ९ फेब्रुवारी, रात्री ८:०२

सामानाचं काय? आणि ज्येष्ठ नागरिक सोबत असतील तर कुठे जड जाईल?

घाटमाथा | ९ फेब्रुवारी, रात्री ९:११

सामान हा या सहलीतला सगळ्यात दुर्लक्षित भाग आहे. डोक्यावरच्या रॅकवर पाठपिशवी मावते, सूटकेस नाही. मोठ्या बॅगांसाठी दाराजवळ छोटे कप्पे, चार-पाच बॅगांत भरतात. माणशी एकच, ६०-६५ सेंटिमीटर उंचीची बॅग. २३ किलोच्या दोन बॅगा विमानात चालतात म्हणून आणल्या तर बसमध्ये, बोटीच्या उतारावर आणि लिफ्ट नसलेल्या जुन्या घरांत त्या आपल्यालाच उचलायच्या असतात. जास्तीचं सामान ग्लासगो सेंट्रल किंवा एडिनबरा वेव्हर्ली स्थानकाच्या सामानघरात ठेवता येतं. पण आपला शेवट एडिनबराला आहे, म्हणून ग्लासगोत ठेवलंत तर घ्यायला परत जावं लागेल, हे लक्षात घ्या.

ज्येष्ठांसाठी : फलाट आणि गाडीचं पाऊल यांत अंतर असतं, रॅम्प मिळतो, पण मदतीची नोंद आधी करावी. मोफत असते. बोटीवर चढायचा पूल ओहोटीला जास्त तिरका होतो. हॉटेल घेताना "स्थानकापासून ५०० मीटर" एवढं वाचून थांबू नका, चढ किती ते नकाशावर बघा. ओबन आणि पोर्ट्री दोन्ही गावं बंदरापासून उभी चढतात. जुन्या पाहुणघरांत बऱ्याचदा खोली दुसऱ्या मजल्यावर आणि जिना अरुंद. तळमजल्याची खोली बुक करतानाच मागून घ्यायची.

लीड्सकर | १० फेब्रुवारी, पहाटे ३:४७

तिकिटांचं मी लिहितो.

स्कॉटरेलने (स्कॉटलंडमधल्या गाड्या चालवणारी कंपनी) १ सप्टेंबर २०२५पासून गर्दीच्या वेळेचं वेगळं भाडं बंद केलं. त्यामुळे सकाळच्या गाडीला जास्त भाडं पडतं, ही जुन्या ब्लॉगांमधली माहिती आता लागू नाही. वेस्ट हायलँडवर जागा आरक्षित करता येते, त्याचे वेगळे पैसे नाहीत. आरक्षण साधारण बारा आठवडे आधी उघडतं. उन्हाळ्यात बिनआरक्षणाचं जाऊ नका, दोन डबे लगेच भरतात.

रेलकार्ड : परदेशी पर्यटकालाही घेता येतं, ३५ पौंड, वर्षभर चालतं, एक तृतीयांश सूट. साठीच्या पुढच्यांना सीनियर. दोघांचं जोडकार्ड असतं, टू टुगेदर, त्यावर दोघांनी सोबतच प्रवास करायचा. पण हे जोडकार्ड सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेनऊच्या आधी चालत नाही. ग्लासगोहून सकाळची जी गाडी रूळवेडा यांनी सांगितली आहे, नेमकी तिलाच ते लागू नाही. आठवड्याच्या मधल्या दिवशी त्या गाडीत जोडकार्डाचं तिकीट दाखवलं तर ते अवैध धरून फरक भरायला लावतात.

पास : स्पिरिट ऑफ स्कॉटलंड. ८ दिवसांत कोणतेही ४, किंवा १५ दिवसांत कोणतेही ८ दिवस. स्कॉटलंडमधल्या गाड्या, पायी प्रवाशांसाठी कॅलमॅक या कंपनीच्या बेटांकडे जाणाऱ्या बोटी आणि काही बसमार्ग त्यात येतात. वरच्या आराखड्यात प्रवासाचे दिवस ३, ५, ८ आणि १० आहेत. तिसऱ्या ते दहाव्या दिवसापर्यंत मोजले तर बरोबर आठ, त्यातले चार वापरायचे. म्हणजे ४ दिवसांचा पास चपखल बसतो. स्कायवर एक रात्र वाढवली की दहावा दिवस अकरावा होतो आणि पास संपलेला असतो. कोरावरची फेरी पाचवा प्रवासदिवस होईल, तिचं साधं तिकीट वेगळं काढा. पास घेण्याआधी चार सुट्या तिकिटांची रेलकार्डासकट बेरीज करून ताडून पाहा. साठीच्या पुढच्यांना बऱ्याचदा सुटी तिकिटंच स्वस्त पडतात.

अबोली_क | १० फेब्रुवारी, सकाळी ९:२०

लीड्सकर, दिवसांची ही मोजणी फार कामाची. लंडनहून रात्रीची गाडी घेतली तर ग्लासगो टाळता येईल का?

लीड्सकर | १० फेब्रुवारी, दुपारी २:०५

येईल. कॅलेडोनियन स्लीपर लंडन यूस्टनहून रात्री सव्वानऊच्या सुमारास सुटते, फोर्ट विल्यमला सकाळी दहाच्या आसपास. शनिवारी रात्री नसते. एडिनबराला तिचे तीन भाग होतात : अ‍ॅबरडीन, इन्व्हर्नेस, फोर्ट विल्यम. खोली घेतली असेल तर झोपून राहा. बैठकीचं तिकीट असेल तर मात्र फोर्ट विल्यमवाल्यांना ऐन रात्री एडिनबराला उतरून दुसऱ्या डब्यात जावं लागतं, आरामाच्या सहलीत हे नको. खोल्या तीन तऱ्हांच्या : बंक असलेली साधी, स्वतंत्र न्हाणीघर असलेली क्लब, आणि दुहेरी पलंगाची. जून ते सप्टेंबरच्या खोल्या सहा-सहा महिने आधी जातात.

तोटा एकच. हिवाळ्यात गाडी लॉख लोमंडपाशी येते तेव्हा अंधार असतो. उन्हाळ्यात उजेड भरपूर.

रूळवेडा | १० फेब्रुवारी, रात्री ९:३०

+१. आणि वाफेच्या इंजिनाची जॅकोबाइट गाडी कुणी विचारण्याआधीच सांगतो. ती फोर्ट विल्यम ते मॅलेग आणि परत, मोसमातच धावते. तिकीट महाग, बुकिंग महिनोन्‌महिने आधी. रूळ तेच, पूल तोच, खिडकीतला समुद्र तोच, आणि स्कॉटरेलच्या नेहमीच्या गाडीचं भाडं त्याच्या तुलनेत किरकोळ. इंजिनाचं प्रेम असेल तर जरूर घ्या. नुसता ग्लेनफिनन बघायचा असेल तर गरज नाही. मॅलेगवरून पुढे स्कायला जाणाऱ्याने ती घेताना फक्त जाण्याचं तिकीट मिळतं का ते आधी बघावं.

सिंधुसागर | ११ फेब्रुवारी, सकाळी ७:५५

स्कायऐवजी ओबनहून मल आणि आयोना ही बेटं केली तर? स्कायवर जुलैत गर्दी फार असते असं वाचलं.

पाणकोंबडी | ११ फेब्रुवारी, सकाळी ११:४२

गाडीशिवाय फिरणाऱ्याला मल जास्त सोपं आहे असं माझं स्पष्ट मत आहे. ओबनचं रेल्वे स्थानक आणि बोटीचा धक्का शेजारी-शेजारी. क्रेगन्यूअरला बोट पन्नासेक मिनिटांत पोचते, आणि तिथून दोन बसमार्ग बोटीच्या वेळा धरून चालतात : एक उत्तरेला टोबरमोरी, एक पश्चिमेला फिनाफोर्ट. फिनाफोर्टहून आयोनाची बोट दहा मिनिटांची. आयोनावर पाहुण्यांच्या मोटारींना बंदी आहे, त्यामुळे सगळे पायीच. मठ धक्क्यापासून पंधरा मिनिटं. कोलंबा नावाचा आयरिश साधू ५६३ साली तिथे आला आणि मठ स्थापला. आजची इमारत मध्ययुगातली, विसाव्या शतकात दुरुस्त केलेली.

आयोनाची बोट छोटी, पुढची फळी उतारावर टेकवते. वारा असेल तर लाट त्या उतारावरून वर येते आणि बूट भिजतात. कापडी बूट नकोत. स्टाफा बेटाची बोट त्याच धक्क्यावरून सुटते. तिथे षटकोनी बेसाल्टचे खांब आहेत, आपल्या सह्याद्रीचाच दगड, लाव्हा सावकाश निवला की असे खांब पडतात. कोल्हापूरजवळ बांदिवडे गावात असेच खांब आहेत. पण स्टाफावर पाय ठेवता येईल की नाही हे समुद्राच्या उसळीवर ठरतं. पुढचा दिवस मोकळा ठेवा.

ओबनला जाताना क्रूआखन डोंगराच्या पायथ्याशी ब्रँडरची खिंड लागते. तिथे डोंगराच्या बाजूला रुळांना समांतर तारांचं कुंपण आहे. १८८०च्या दशकापासून दरड कोसळून तार तुटली की सिग्नल आपोआप धोक्याचा होतो. वारा आला की त्या तारा गुणगुणतात, म्हणून तिला "अँडरसनचा पियानो" म्हणतात. डोंगर उजवीकडे, सरोवर डावीकडे.

ओबनहून फोर्ट विल्यमला रेल्वेने जायचं तर परत क्रिअनलारिखला येऊन गाडी बदलावी लागते आणि दिवस जातो. बस दोन तासांच्या आत पोचवते.

घाटमाथा | ११ फेब्रुवारी, दुपारी ३:१५

बोटींबद्दल पुरवणी. पायी प्रवाशाला छोट्या फेऱ्यांवर जागेची चिंता नसते, मोटारवाल्यांना असते. चिंता हवेची. नैर्ऋत्येचा वारा चढला की मॅलेग-आर्माडेल फेरी लवकर बंद पडते. ओबन-क्रेगन्यूअर बरीच आडोशाला आहे. कॅलमॅकच्या अ‍ॅपवर आपल्या मार्गाचा इशारा लावून ठेवा, आदल्या रात्री बघा, सकाळी उठल्यावर पुन्हा बघा. जहाजांतली बरीचशी जुनी आहेत आणि राखीव कमी. एक बिघडलं की दुसऱ्या मार्गावरचं काढून आणतात, म्हणून स्वच्छ हवेतही वेळापत्रक बदलू शकतं.

मीनल_टी | ११ फेब्रुवारी, संध्याकाळी ६:४८

पाचव्या दिवशी मॅलेगला पोचलो आणि बोट रद्द, तर?

घाटमाथा | ११ फेब्रुवारी, संध्याकाळी ७:२०

मॅलेगला बसून राहू नका. रेल्वेने फोर्ट विल्यमला परत आणि तिथून ग्लासगो–स्काय मार्गावरची सिटीलिंक बस. ती काइलपाशी १९९५ साली बांधलेल्या पुलावरून स्कायवर जाते, टोल २००४मध्येच उठला. बसेस दिवसाला थोड्याच, तेव्हा निर्णय अर्ध्या तासात घ्यायचा. म्हणूनच इशारा आदल्या रात्री बघायचा : वादळाचा अंदाज असेल तर मॅलेगला न जाता सकाळी थेट फोर्ट विल्यमहून बस.

अबोली_क | १२ फेब्रुवारी, सकाळी १०:०८

शाकाहारी जेवणाचं?

पाणकोंबडी | १२ फेब्रुवारी, दुपारी १२:३३

उपाशी कुणी राहत नाही, पण वेळ सांभाळावी लागते. लहान गावांत स्वयंपाकघरं रात्री साडेआठ-नऊला बंद होतात, आणि पोर्ट्रीत उन्हाळ्यात टेबल आधी राखून ठेवावं लागतं. शाकाहारी हॅगिस बहुतेक ठिकाणी मिळतं. ओट, डाळी, बिया, गाजरासारखी कंदमुळं आणि मिरपूड, आपल्या जिभेला चालतं. सूप विचारून घ्या, रश्श्यात मांसाचा अर्क असतो.

गाडीत खाण्याची ट्रॉली फिरेलच असं नाही, शिदोरी हवीच. फोर्ट विल्यम स्थानकाला लागूनच मोठं मॉरिसन्स सुपरमार्केट आहे, मॅलेगला आणि पोर्ट्रीला को-ऑपचं दुकान. घरून दशम्या, चटण्या, चिवडा आणायला हरकत नाही. पण भारतातून ब्रिटनमध्ये मांस आणि दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे. तूप, पेढे, खवा, पनीर बॅगेत नको. दशम्याही दुधाऐवजी पाण्यात, तेलाचं मोहन घालून करा.

सिंधुसागर | १२ फेब्रुवारी, दुपारी १:१०

महिना कोणता?

पाणकोंबडी | १२ फेब्रुवारी, दुपारी २:५६

मे. पश्चिम किनाऱ्यावर एप्रिल-मे-जून हा त्यातल्या त्यात कोरडा काळ. जूनच्या शेवटी रात्री दहा वाजून गेल्यावर सूर्य मावळतो, पण तोवर मिज आलेल्या असतात : डोळ्याला जेमतेम दिसणारी चिलटं, थव्याने येतात आणि चावतात. जुलै-ऑगस्टमध्ये कळस. वारा असेल तर त्या उडू शकत नाहीत. वारा पडलेला, ढगाळ, ओलसर आणि सकाळ-संध्याकाळची वेळ असली की बाहेर उभं राहवत नाही. पिकारिडिन किंवा डीट असलेलं मलम आणि डोक्यावर घालायची बारीक जाळी, दोन्ही घ्या. जाळी तिथल्या कुठल्याही दुकानात मिळते.

पाऊस गृहीत धरा. आपल्या कोकणात चार महिन्यांत कोसळतो, तिथे बारा महिने विखरून पडतो. छत्री वाऱ्यापुढे टिकत नाही, टोपीचं जलरोधक जॅकेट आणि वरून घालायची पँट.

मीनल_टी | १२ फेब्रुवारी, रात्री ८:४१

एवढं सगळं स्वतः करण्यापेक्षा तिथल्या कंपन्यांची तयार "सेल्फ-गायडेड" सहल घेतली तर?

लीड्सकर | १३ फेब्रुवारी, पहाटे ४:१०

पाप नाही. हॉटेलं, तिकिटं, टॅक्सी बांधून देतात, माणूस सोबत नसतो. ब्रिटनमध्ये २०१८च्या पॅकेज ट्रॅव्हल नियमांनुसार दोन किंवा जास्त सेवा एकत्र विकणारा आयोजक सगळ्या भागांना जबाबदार असतो, कंपनी बुडाली तरी पैशाला संरक्षण असतं. स्वतः जोडलेल्या सहलीत बोट रद्द होऊन पोर्ट्रीची रात्र बुडाली तर हॉटेलवाला पैसे देणार नाही. रेल्वेला अर्धा तास उशीर झाला तर भाड्याचा अर्धा भाग, तासभर झाला तर पूर्ण परत मिळतो, पण तो फक्त भाड्याचा.

पैसे भरण्याआधी लेखी विचारा : आरक्षित जागा कोणत्या गाडीत आणि कोणत्या बाजूला? बोट रद्द झाली तर पर्यायी वाहन कोणाच्या खर्चाने? फोन रात्री कोण उचलणार? हॉटेलांची नावं काय? "किंवा तत्सम" असं लिहिलं असेल तर तत्सम हॉटेल स्थानकापासून चार किलोमीटरवर असू शकतं.

दगडी_पूल | १३ फेब्रुवारी, सकाळी ८:२५

शेवटच्या टप्प्याबद्दल कुणी लिहिलं नाही. इन्व्हर्नेसहून निघाल्यावर कलोडनचा २९ गाळ्यांचा दगडी पूल, मग ड्रमॉक्टरची खिंड, ४५२ मीटर, ब्रिटनच्या मुख्य रेल्वेचा सर्वोच्च बिंदू. कोरावर हे सर्वात उंच स्थानक, पण मार्गाचा सर्वात उंच बिंदू हा. पुढे फोर्थचा पूल, १८९० सालचा, २०१५पासून जागतिक वारसा. पण एडिनबराच्या सगळ्या गाड्या त्यावरून जात नाहीत. लंडनला जाणारी थेट गाडी स्टर्लिंगवरून वळसा घेते. तिकीट काढताना पर्थनंतर फाइफमधून, कर्काल्डीवरून जाणारी गाडी निवडा. दक्षिणेकडे जाताना डावीकडे मोकळी खाडी, उजवीकडे मोटारींचे दोन पूल.

एडिनबराला २४ जुलै २०२६पासून मुक्कामाच्या भाड्यावर ५ टक्के पर्यटक कर आहे, तो हिशेबात धरा. आणि स्कॉटिश बँकांच्या नोटा तिथेच संपवा किंवा बदलून घ्या, आपल्याकडच्या मनी चेंजरकडे त्या बऱ्याचदा घेत नाहीत.

अबोली_क | १३ फेब्रुवारी, सकाळी ११:३७

मग सहल कोणत्या वारी सुरू करावी? रविवारी गाड्या कमी म्हणता, आणि दिवस तर ३, ५, ८, १० असे ठरलेले.

लीड्सकर | १३ फेब्रुवारी, दुपारी ३:५२

मांडून बघू. काइल मार्गावर रविवारी एखाद-दुसरीच गाडी, म्हणून आठवा दिवस रविवार नको. पाचवा नको, आर्माडेलची बस अडचणीची. तिसरा आणि दहावाही शक्यतो नको. पहिला दिवस रविवार घेतला तर आठवा रविवार. बुधवार घेतला तर पाचवा रविवार. शुक्रवार घेतला तर तिसरा आणि दहावा दोन्ही रविवार. हे तीन गेले. सोमवार किंवा मंगळवार घेतला तर प्रवासाचे दिवस सुटतात, पण रविवार पोर्ट्रीत येतो आणि बेटावरच्या बस त्या दिवशी विरळ. गुरुवार घेतला तर रविवार फोर्ट विल्यमला, म्हणजे कोरावरच्या दिवशी, तेव्हा गाड्या कमी.

शनिवारी उतरलात तर पहिला रविवार ग्लासगोत, दुसरा इन्व्हर्नेसला, दोन्ही मोठी गावं. प्रवास सोमवार, बुधवार, शनिवार, सोमवार.

रूळवेडा | १३ फेब्रुवारी, रात्री ९:०३

मूळ आराखड्यात तशी दुरुस्ती समजावी : पहिला दिवस शनिवार. जोडकार्ड वापरणाऱ्यांनी लक्षात घ्यावं, तिसरा दिवस सोमवार येतो, म्हणजे सकाळच्या गाडीला ते चालणार नाही. सीनियर कार्ड किंवा पास असेल तर अडचण नाही, नाहीतर दुपारी बाराच्या सुमाराची गाडी घ्या. मे महिन्यात तीही उजेडातच पोचते.